नाचता येत नाही, मग स्पर्धा बघायला जावे का?

पत्र (संक्षेपाने): मी फोंड्याला राहते आणि मडगावातील एका बँकेत नोकरी करते. बँकेतील आम्हा चौघी मैत्रिणींपैकी एकीची मुलगी बॉलरूम, म्हणजे जोडीने नाचायचे पाश्चात्त्य नृत्य शिकते. पुढील महिन्यात मडगावात होणाऱ्या स्पर्धेत ती उतरणार असून आम्हा सर्वांची तिकिटे काढून झाली आहेत. बाकीच्या तिघी लहानपणापासून हे नाच पाहत आणि नाचत आल्या आहेत. मी मात्र त्यांच्या घरच्या लग्नांत खुर्ची धरून बसणारी. तेथे नेमके काय पाहायचे, टाळ्या कधी वाजवायच्या, साडी नेसून गेले तर विचित्र दिसेल का, कोणी नाचायला ओढले तर काय करायचे आणि मुलीचा नंबर आला नाही तर तिला काय म्हणायचे, हे काहीच मला कळत नाही. त्यात आमचे यजमान म्हणाले, ‘एकमेकांना बिलगून नाचणारी माणसे दिवसभर काय बघायची?’ तेव्हापासून जावे की काही निमित्त सांगून टाळावे, असे मनात घोळते आहे.
— एक वाचक, फोंडा

उत्तर: आपण अवश्य जावे आणि निमित्त शोधण्याचा विचार आजच सोडून द्यावा. मैत्रिणीने आपल्या मुलीच्या स्पर्धेचे तिकीट आपल्यासाठी काढले, ते आपण तेथे परीक्षण करावे म्हणून नव्हे. आपले माणूस सभागृहात बसलेले असावे, एवढीच तिची इच्छा असणार. राहिला प्रश्न कळण्या-न कळण्याचा. नाचता येणे आणि नाच पाहता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी गोष्ट एका दिवसात पुष्कळशी साधते. त्यासाठी अट एकच आहे: केवळ रात्रीच्या अंतिम फेरीला न जाता सकाळच्या पहिल्या फेरीपासून बसायला हवे. आपल्याकडच्या भजनी स्पर्धांत ज्यांना स्वरलिपीचे एक अक्षरही वाचता येत नाही, ते श्रोते पाच-सहा पथके ऐकून झाल्यावर कोणाची सम चुकली हे शेजाऱ्याला बिनचूक सांगतात. तेच येथेही घडते.

यजमानांच्या शेऱ्याचा निकाल आधी लावू. त्यांचा आक्षेप दोनशे वर्षांहून जुना आहे. १८१६ साली लंडनच्या राजदरबारातील समारंभात वॉल्ट्झ हा बॉलरूमचाच एक प्रकार नाचला गेला, तेव्हा ‘टाइम्स’ या वृत्तपत्राने जवळजवळ याच शब्दांत त्यावर कोरडे ओढले होते आणि आईबापांना आपल्या मुलींना या साथीपासून जपण्याचा इशारा दिला होता. प्रत्यक्षात स्पर्धेतील वॉल्ट्झची पकड जवळून पाहिली, तर ती मिठीपेक्षा कवायतीच्या अधिक जवळची वाटते. पुरुषाच्या डाव्या हातात स्त्रीचा उजवा हात साधारण डोळ्यांच्या उंचीवर धरलेला असतो, त्याचा उजवा तळवा तिच्या डाव्या खांद्याच्या फऱ्याखाली टेकलेला असतो, तिचा डावा हात त्याच्या दंडावर असतो आणि ती त्याच्या अगदी समोर नव्हे, तर किंचित त्याच्या उजव्या बाजूला उभी असते. दोघांच्याही माना बहुतेक वेळ आपापल्या डावीकडे वळलेल्या असल्यामुळे ती दोघे एकमेकांकडे पाहतदेखील नाहीत. कोपर दीड मिनिट एकाच उंचीवर ठेवून, पाठ ताठ राखून, भरलेल्या फ्लोअरवरून, म्हणजे नाचाच्या जागेवरून, दुसऱ्या कोणावर न आदळता जाणे हे किती कष्टाचे आहे, ते यजमानांनी घरच्या बैठकीच्या खोलीत हात तसे धरून करून पाहावे. स्पर्धेतला दुसरा एक नाच, रुंबा, मात्र शृंगाराचाच आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. पण संगीत नाटकांवर पोसलेल्या गोमंतकीय प्रेक्षकाला रंगमंचावरचा शृंगार नवा आहे असे कोण म्हणेल? शिवाय मडगावच्या ज्या सासष्टी तालुक्यात मांडो हा कोंकणी नृत्यगीताचा प्रकार रुजला, ज्यात स्त्री-पुरुष समोरासमोरच्या रांगांत नाचतात आणि एकमेकांना स्पर्शही करत नाहीत, त्याच सासष्टीने वॉल्ट्झही आपला मानला. दोन्हींत मर्यादा आहे, फक्त तिचे नियम निराळे आहेत. यजमान क्रीडाप्रेमी असतील तर त्यांना एवढेही सांगता येईल की आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने या नृत्यक्रीडेच्या महासंघाला १९९७ सालीच मान्यता दिली आहे, जरी बॉलरूमला ऑलिंपिकच्या पदकांत अजून स्थान मिळालेले नाही.

आता स्पर्धेच्या रचनेविषयी. या नृत्यांचे दोन गट असतात. पहिल्या गटाला स्टँडर्ड म्हणतात आणि त्यात वॉल्ट्झ, टँगो, व्हिएनीज वॉल्ट्झ, स्लो फॉक्सट्रॉट आणि क्विकस्टेप असे पाच नाच येतात. दुसरा गट लॅटिन, त्यात सांबा, चा-चा-चा, रुंबा, पासो डोब्ले आणि जाईव्ह. लहान वयोगटांत किंवा नवशिक्यांच्या वर्गात पाचांऐवजी दोन-तीनच नाच घेतात, त्यामुळे मैत्रिणीची मुलगी कोणत्या गटात आणि किती नाच नाचणार आहे, हे आधीच विचारून ठेवावे. पुरुषाच्या पाठीवर मोठ्या आकड्यांत क्रमांक टाचलेला असतो आणि दिवसभर त्या जोडीची ओळख म्हणजे तो क्रमांक. तो कळला की कागदावर टिपून घ्यावा, कारण निवेदक पुढच्या फेरीत गेलेल्यांची नावे वाचत नाही, क्रमांकच वाचतो, आणि तेही भराभर.

जोड्या पुष्कळ असल्या तर त्यांचे तुकडे पाडून एकेक तुकडा फ्लोअरवर आणतात. त्या तुकड्याला हीट म्हणतात. प्रत्येक नाच साधारण दीड मिनिटाचा असतो. संगीत कोणते वाजेल हे जोडीला आधी ठाऊक नसते. ताल आणि गती ठरलेली असते, गाणे नसते. फ्लोअरच्या कडेने उभे असलेले परीक्षक प्राथमिक फेऱ्यांत गुण देत नाहीत. चोवीस जोड्यांतून बारा निवडायच्या असतील तर प्रत्येक परीक्षक आपल्याला पसंत पडलेल्या बारा जोड्यांच्या क्रमांकांपुढे खूण करतो आणि ज्यांच्या वाट्याला अधिक खुणा येतात त्या जोड्या पुढे जातात. एका वेळी बारा जोड्या नाचत असतील, तर दीड मिनिटात प्रत्येक जोडीच्या वाट्याला परीक्षकाची सात-आठ सेकंदांचीच नजर येते. एवढे लक्षात घेतले, की स्पर्धक फ्लोअरवर पाऊल टाकताक्षणी मान उंच का करतात आणि इतके भडक रंग का घालतात, याचा उलगडा होतो.

अंतिम फेरीत बहुधा सहा जोड्या असतात आणि तेथे परीक्षक त्यांना पहिल्यापासून सहाव्यापर्यंत क्रम देतो. या क्रमांची बेरीज किंवा सरासरी काढत नाहीत, बहुमत पाहतात, आणि सगळ्या रुसव्याफुगव्यांचे मूळ येथे आहे. समजा, सात परीक्षक आहेत. एका जोडीला चौघांनी पहिला क्रमांक दिला आणि तिघांनी सहावा; दुसऱ्या जोडीला तिघांनी पहिला दिला आणि चौघांनी दुसरा. आपल्यासारख्या सामान्य माणसाला दुसरी जोडी सरस वाटेल, पण तो नाच पहिली जोडी जिंकते, कारण सातांतील चौघांनी, म्हणजे बहुमताने, तिला पहिली म्हटले. या पद्धतीला स्केटिंग पद्धत म्हणतात. कोणालाच पहिल्या क्रमांकाचे बहुमत नसेल, तर पहिला आणि दुसरा हे दोन्ही क्रमांक मिळून कोणाला अधिक परीक्षकांचे मिळाले ते पाहतात, आणि असे करत खाली उतरतात. मग सर्व नाचांतील स्थानांची बेरीज करतात; जिची बेरीज सर्वांत कमी, ती जोडी विजयी. काही मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत आता वेगवेगळ्या अंगांसाठी स्वतंत्र गुण देतात, परंतु आपल्या मैत्रिणींच्या तोंडी ‘मेजॉरिटी’ हा शब्द आला तर तो या हिशेबातला आहे, असे समजावे.

पाहायचे काय, हा आपला खरा प्रश्न. नवखा प्रेक्षक पहिली चूक अशी करतो की तो सगळ्या जोड्यांकडे आळीपाळीने पाहतो आणि अर्ध्या तासात त्याला सगळ्या सारख्याच दिसू लागतात. आपण पहिल्या फेरीत दोनच जोड्या निवडाव्यात: एक मैत्रिणीच्या मुलीची आणि दुसरी आपल्या नजरेला सहज आवडलेली कोणतीही. पुढच्या फेऱ्यांत त्या दोघींवरच नजर ठेवावी. एकीत आणि दुसरीत फरक कुठे आहे, एवढेच शोधत राहिल्यास दुपारपर्यंत डोळा तयार होतो.

पायांकडे सर्वांत शेवटी पाहावे. हे ऐकायला उलटे वाटेल, पण पायांच्या हालचाली इतक्या वेगाने होतात की त्यांत नजर अडकली की वरचे सगळे सुटते. वॉल्ट्झमध्ये डोक्यांची पातळी पाहावी: तीन मात्रांच्या तालात पहिल्या मात्रेला जोडी खाली असते, दुसऱ्या-तिसऱ्या मात्रेला टाचा सुटून शरीर वर उचलले जाते आणि तिसरीच्या शेवटी पुन्हा खाली येते. चांगल्या जोडीत हे चढणे-उतरणे इतके सलग असते की नेमके कोणत्या क्षणी टाच टेकली ते सांगता येत नाही. कच्च्या जोडीत धप्प असे उतरणे दिसते. टँगोमध्ये असे चढ-उतार अजिबात नसतात. तो जमिनीलगत चालतो, अचानक थांबतो, आणि स्त्रीची मान एका झटक्यात फिरते. ती मान फिरते तेव्हा खांदे हलले का, ते पाहावे. स्लो फॉक्सट्रॉट पाहायला सर्वांत सोपा आणि नाचायला सर्वांत कठीण समजतात, कारण त्यात लपायला जागाच नाही. लांब, संथ पावले एकात एक मिसळत जातात आणि तोल किंचित गेला तरी दिसतो. क्विकस्टेप शेवटी येतो, तेव्हा माणसे दमलेली असतात आणि नेमके तेव्हाच त्यांना उड्या मारत फ्लोअर पार करायचा असतो.

स्टँडर्डमध्ये सर्व जोड्या घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फ्लोअरभोवती फिरतात. समोर दुसरी जोडी आडवी आली तर पुरुषाला पुढची पावले क्षणार्धात बदलावी लागतात आणि त्याच्याकडे पाहत नसलेल्या स्त्रीला ते केवळ शरीराच्या स्पर्शातून कळावे लागते. अशी एखादी अडचण दोघांनी सहज टाळली की जाणकार प्रेक्षकांतून हलकासा उद्गार उठतो. तो कशासाठी उठला हे आपल्याला समजले, तर दिवस सार्थकी लागला असे मानायला हरकत नाही. सभागृहाला सज्जा असेल तर स्टँडर्ड वरून पाहावे, म्हणजे ही वाहतूक नीट दिसते, आणि लॅटिनला मात्र खाली फ्लोअरजवळ यावे.

लॅटिनमध्ये सांबा आणि पासो डोब्ले फिरते असतात. चा-चा-चा, रुंबा आणि जाईव्ह बहुतांशी एका जागी नाचले जातात. रुंबात कमरेची हालचाल ठळक दिसते, परंतु ती कमरेपासून सुरू होत नाही. गुडघा सरळ होऊन वजन एका पायावर पूर्ण येते तेव्हा कंबर आपोआप सरकते. ज्यांना हे साधलेले नसते ते नुसती कंबर हलवतात, आणि तो फरक एकदा दिसला की नंतर न दिसणे अशक्य होते. पासो डोब्ले स्पेनमधील बैलझुंजीवर बेतलेला असून त्यात पुरुष झुंज खेळणारा असतो आणि स्त्री बहुधा त्याच्या हातातले वस्त्र. त्याच्या संगीतात ठरलेल्या ठिकाणी जोरदार ठोके येतात आणि सगळ्या जोड्या त्या ठोक्यावर एकदम थिजतात. जो अर्धा क्षण उशिरा थिजतो तो आपल्यालाही कळेल. जाईव्ह अखेरीस असतो; तेथे कोणाचे गुडघे अजून वर येतात आणि कोणाचे हसू आता ओढून-ताणून आलेले आहे, एवढेच पाहावे.

टाळ्या आणि आवाज यांबाबत फार धास्ती बाळगू नये. ही शास्त्रीय संगीताची बैठक नव्हे. नाच चालू असताना आपल्या जोडीचा क्रमांक ओरडून सांगणे येथे शिष्टसंमत आहे. इंग्लंडमधील ब्लॅकपूल या समुद्रकाठच्या गावी १९२० सालापासून जो नृत्यमहोत्सव भरतो, त्याचे नाव आपल्या मैत्रिणी घेतील. तेथेही प्रेक्षक क्रमांकांचा गजर करतात. मात्र नावाने हाका मारू नयेत, आणि संगीताच्या ठेक्यावर टाळ्या वाजवायच्या असतील तर त्या सांबा-जाईव्हपुरत्या ठेवाव्यात. प्रत्येक नाच संपला की सर्वांसाठी टाळ्या वाजवाव्यात, बाद होणाऱ्यांसाठी किंचित अधिक. फ्लॅश लावून छायाचित्र कधीही काढू नये; वळणाऱ्या माणसाच्या डोळ्यांवर तो पडला तर तोल जाऊ शकतो. संगीत चालू असताना जागेवरून उठू नये, आणि फ्लोअरवरून आडवे जाणे तर, तो रिकामा असला तरी, टाळावे.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगावीशी वाटते. चौघी एकत्र बसल्या की टीका-टिप्पणी सुरू होणारच, आणि ती हवीच, त्याशिवाय मैत्रिणींबरोबर जाण्यात मजा काय? पण मडगाव लहान आहे. ज्या मुलीचा पोशाख आपल्याला विचित्र वाटला तिची मावशी बरोब्बर मागच्याच रांगेत बसलेली असते. शेरे घरी जातानाच्या गाडीसाठी राखून ठेवावेत.

साडी खुशाल नेसावी. संध्याकाळच्या सत्राला लोक ठेवणीतले कपडे घालूनच येतात आणि रेशमी साडी त्यांत कुठेही कमी पडत नाही. पदर पिनेने नीट बसवावा, कारण पुढच्या रांगेत बसलात तर वळणाऱ्या गाऊनचा घेर आणि त्याची पिसे गुडघ्यांपर्यंत येतात. केसांत अबोलीची वेणी माळणार असाल तर मात्र फ्लोअरच्या कडेची खुर्ची नको. नर्तकांच्या बुटांचे तळ मऊ, लवदार चामड्याचे असतात, पकड राहावी म्हणून ते कडेला उभे राहून तारेच्या ब्रशाने घासत असतात, आणि अशा तळाखाली एक फूल आले तरी पाय सटकतो. त्याच कारणासाठी सरबताचा पेलाही फ्लोअरच्या काठावर ठेवू नये. वातानुकूलन कडक असते, म्हणून शाल न्यावी. त्या दिवशी आपला शिवराक, म्हणजे शाकाहाराचा, वार असेल तर डबा बरोबर असावा, कारण अशा ठिकाणी खाण्याचे पदार्थ बहुधा चोरीस-पावाच्या (डुकराच्या मांसाचे सॉसेज आणि पाव) अंगाने जातात. या स्पर्धा ठरलेल्या वेळेत संपत नाहीत, त्यामुळे फोंड्याला परतण्यासाठी शेवटच्या बसवर विसंबून न राहता गाडीची सोय आधीच ठरवावी.

नाचायला ओढण्याची भीती बहुतांशी निराधार आहे. स्पर्धेचा फ्लोअर स्पर्धकांचा असतो. काही ठिकाणी दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात तो प्रेक्षकांसाठी खुला करतात, आणि आपल्या मैत्रिणी तेव्हा नक्की उठतील. आपल्याला उठायचे नसेल तर ते सकाळीच हसत सांगून टाकावे. ऐनवेळी खुर्चीला चिकटून बसण्यापेक्षा ते शोभून दिसते. कोणी परक्या गृहस्थाने अदबीने विचारले तर ‘धन्यवाद, आज मी फक्त पाहायला आले आहे’ एवढे पुरते, कारण देण्याची गरज नाही. जुन्या रिवाजाप्रमाणे एकाला नकार दिल्यावर त्याच गाण्यावर दुसऱ्याबरोबर नाचत नाहीत, तेवढे पाळावे. आणि मनातून उठावेसे वाटत असेल, तर वॉल्ट्झचे पहिले पाऊल म्हणजे पुढे, बाजूला, जुळवा आणि मागे, बाजूला, जुळवा इतकेच आहे. बँकेतल्या जेवणाच्या सुट्टीत मैत्रिणीकडून ते शिकून घेता येईल.

आता त्या मुलीविषयी. फेऱ्यांच्या मध्ये तिच्याकडे जाऊ नये. त्या वेळात तिला पोशाख बदलायचा असतो, केस पुन्हा बसवायचे असतात, श्वास जागेवर आणायचा असतो, आणि मावशी भेटायला आल्या म्हणून तिला उगाच हसावे लागते. नंबर आला नाही तर ‘खरे म्हणजे तूच जिंकायला हवी होतीस’ हे वाक्य कटाक्षाने टाळावे. ते तिला खोटे वाटेल, आणि खरे वाटले तर अधिकच वाईट. ‘पुढच्या वेळी बघ’ हेही नको. त्याऐवजी आपण दिवसभर तिच्याकडेच पाहिलेले असेल, तर एखादी ठोस गोष्ट सांगावी: टँगोत मान फिरवताना तुझे खांदे जरासुद्धा हलले नाहीत, किंवा ती निळ्या गाऊनची जोडी आडवी आली तेव्हा तुम्ही दोघांनी किती अलगद वाट काढलीत. हे सांगणारी बाई नाचणारी नाही, हे तिला ठाऊक आहे. म्हणूनच त्याचे तिला मोल वाटेल. पुष्कळ ठिकाणी नंतर प्रत्येक परीक्षकाने दिलेले क्रम दाखवणारे निकालपत्रक लावतात. ते तिच्यासमोर वाचत उभे राहू नये आणि कोणत्या परीक्षकाने खाली ढकलले याचा पंचनामा तर मुळीच करू नये.

शेवटचे, आणि हे आपल्या सर्वच मैत्रिणींना सांगून ठेवावे. त्या मुलीला किंवा तिच्या आईला, तिच्याबरोबर नाचणाऱ्या मुलाविषयी ‘दोघांचे जमले आहे का?’ असे विचारू नये. बरोबरीने सराव करणारी ही माणसे अनेकदा सख्खी भावंडे असतात, अनेकदा केवळ उंची जुळली म्हणून शिक्षकांनी एकत्र आणलेली असतात. त्या प्रश्नाला उत्तर देऊन देऊन ती मुलगी एव्हाना थकलेली असणार. त्या मुलालाही त्याच्या नाचाबद्दल दोन शब्द सांगावेत. जोडीचे कौतुक करताना लोक गाऊनकडे पाहतात आणि तो गाऊन दिवसभर सांभाळून नेणाऱ्याला विसरतात.